चाळीस डोमेन घेऊन बसलोय, गिऱ्हाईक कधी येणार? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात या पानावर वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कसं बुक करायचं एवढंच लिहिलं होतं. पण नंतर जे मेल आले त्यातले बहुतेक एकाच गोष्टीवर होते, की नाव स्वस्तात घेऊन पुढे नफ्यात विकायचं कसं. मी स्वतः नोकरी सांभाळून गेली बरीच वर्षं हे करतेय, थोडे कमावलेत, थोडे घालवलेत, त्यामुळे यावेळी सगळं पान यालाच देतेय.

प्रश्न: ताई, मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हॉइस डॉट कॉम हे नाव ३ कोटी डॉलरला विकलं गेलं असं एका रीलमध्ये बघितलं, मग ऑफर चालू होती तेव्हा मी पण चाळीस डॉट कॉम घेऊन टाकली. तीन महिने झाले, एक पण इन्क्वायरी नाही. यादी सोबत पाठवलीय. माझं काय चुकतंय?

उत्तर: रीलमधली बातमी खोटी नाहीये. २०१९ मध्ये ब्लॉक डॉट वन नावाच्या कंपनीने त्या नावाचे ३ कोटी डॉलर मोजले. पण विकणारी होती मायक्रोस्ट्रॅटेजी, आणि त्यांनी इंटरनेट अगदी नवं असतानाच साधेसाधे इंग्रजी शब्द गोळा करून ठेवले होते. पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं १५ मार्च १९८५ ला, सिंबॉलिक्स नावाच्या कंपनीचं, आणि पुढे सप्टेंबर १९९५ पर्यंत नाव घ्यायला पैसेच लागत नव्हते, त्यानंतर वर्षाला ५० डॉलर सुरू झाले. म्हणजे गावठाणात चौकातल्या जागा जशा आजोबा-पणजोबांच्या काळातच गेल्या तसे ते एका शब्दाचे डॉट कॉम कधीच गेलेत, आणि आज ऑफरमध्ये मिळतंय ते गावाबाहेरचं रान आहे. रानात पण पैसा होतो, पण रस्ता कुठून जाणार ते कळायला हवं.

आता तुझा हिशोब करू, कारण रीलमध्ये तो कोणी करत नाही. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये नाव दोनशे-तीनशेला मिळालं असेल, पण दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला खरा दर लागतो. डॉट कॉमची सगळी नोंदवही व्हेरिसाइन या एका अमेरिकन कंपनीकडे आहे आणि तिचा घाऊक दर १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर झाला, त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपण जिच्याकडून नाव घेतो त्या कंपनीचा, नफा, वर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे आपल्याकडे रिन्यूअल हजार-अकराशेच्या खाली सहसा येत नाही. चाळीस नावं म्हणजे वर्षाला ४४ हजार. या धंद्यातले मुरलेले लोक काय धरून चालतात, तर शंभर बऱ्या नावांमागे वर्षाला एक किंवा फार तर दोन विकली जातात. एक धरलं तर तुझं एक नाव विकायला अडीच वर्षं, आणि तोपर्यंत रिन्यूअलमध्येच १ लाख १० हजार गेलेले. म्हणजे ते एक नाव कमिशन वजा जाता सव्वा लाखाला गेलं तरी हातात फारसं काही राहत नाही. हे वाचून खचू नकोस, पण नाव घेताना ते किती वर्षं पोसायला परवडेल हे आधी बघायचं, आणि कितीला विकलं जाईल हा विचार नंतर.

यादी मी सगळी वाचली. त्यात चार-चार शब्द जोडलेली नावं आहेत, मधे डॅश आहेत, दोन नावांच्या शेवटी तर साल टाकलंयस, ते साल संपलं की नाव पण संपलं. मी एक चाचणी लावते, फार साधी आहे. वही घ्यायची आणि हे नाव ज्यांना उद्या उपयोगी पडेल अशा पाच खऱ्या, चालू धंद्यांची नावं लिहायची, ज्यांच्याकडे आत्ता यापेक्षा वाईट नाव आहे आणि खर्च करायची ऐपत आहे. पाच सुचले नाहीत तर नाव घ्यायचं नाही. तुझ्या यादीत हळद आणि एक्सपोर्ट हे दोन शब्द जोडलेलं नाव या चाचणीत बसतं बघ, तुझ्याच मार्केट यार्डात फिरलास तर पाच काय पंधरा गिऱ्हाईकं लिहिता येतील. दुसरी चाचणी म्हणजे ते नाव फोनवर आईला सांगायचं आणि तिला लिहायला लावायचं, स्पेलिंग न विचारता बरोबर आलं तर नाव चांगलं.

आणि किंमत मनाने लावू नकोस. नेमबायो नावाच्या साइटवर आधी झालेल्या विक्रीचे आकडे मिळतात, तिथे तुझ्यासारख्या शब्दांची नावं खरंच कितीला गेली ते बघ. माझ्या मते यादीतली पाच ठेव, पस्तीस रिन्यू करू नकोस. पैसे गेले ते गेले, शिकायची फी कमी लागली असं समज. ठेवलेली पाच सेडो नाहीतर आफ्टरनिक या डोमेन विकायच्या साइटवर किंमत टाकून लाव, म्हणजे कोणी ते नाव टाइप करून आलं तर त्याला ते विकायला आहे हे तरी कळेल. तीन महिन्यात एकही चौकशी नाही असं लिहिलंयस, पण नाव उघडल्यावर नुसतं कोरं पान येतंय, विचारणारा विचारणार कुठे?

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. दोन मोठ्या कंपन्या एकत्र येणार अशी बातमी आली, मी त्याच रात्री दोघांच्या नावाचं जोडनाव डॉट कॉम आणि डॉट इन दोन्हीमध्ये घेतलं. पहिला आला त्याला मिळालं, यात बेकायदा काय? आता कंपनीला मेल करून ५ लाख मागायचा विचार आहे.

उत्तर: तो मेल पाठवू नका, आधी हे वाचा.

जिओ-हॉटस्टारचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. दिल्लीच्या एका तरुण डेव्हलपरने २०२३ मध्येच ते जोडनाव घेऊन ठेवलं होतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्या साइटवरच जाहीर पत्र लिहिलं, की केंब्रिजच्या कोर्सची फी भरा, नाव देतो. कंपनीने पैसे द्यायला नकार दिला आणि कायद्याची भाषा सुरू झाली. शेवटी दुबईत राहणाऱ्या दोन भावंडांनी ते त्याच्याकडून घेतलं आणि कंपनीला विनामोबदला देऊ केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व्हिस त्याच नावाने सुरू झाली. त्या मुलाचं स्वप्न चांगलं होतं, मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं, पण रस्ता चुकीचा होता.

कारण डोमेनमध्ये पहिला आला त्याला मिळालं हे नोंदणीपुरतं खरं आहे. डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची तक्रार-पद्धत आहे. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, नाव आमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. वाईट हेतूचं जे पहिलं उदाहरण नियमात दिलंय तेच तुमचं आहे, ट्रेडमार्कवाल्यालाच खर्चापेक्षा जास्त पैशाला विकायला म्हणून घेतलेलं नाव. म्हणजे ५ लाख मागणारा तुमचा मेल हा त्यांच्या हातात तुम्हीच दिलेला पुरावा. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, अशी तक्रार टाकायला त्यांना १५०० डॉलर फी लागते, मग ते तुम्हाला ५ लाख कशाला देतील? डॉट इनला आयएनडीआरपी ही तशीच भारतीय पद्धत लागू होते आणि ती आणखी कडक आहे, तिथे वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं यातलं एक सिद्ध झालं तरी पुरतं.

आपल्या कोर्टांचं म्हणाल तर १९९९ मध्येच दिल्ली हायकोर्टाने याहू इंडिया डॉट कॉम थांबवलं, त्याच वर्षी आपल्या मुंबई हायकोर्टात रेडिफने रॅडिफ डॉट कॉमविरुद्ध मनाई मिळवली, एका अक्षराचा फरक होता फक्त. आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगून टाकलं की डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे. अमेरिकेत तर १९९९ च्या कायद्याने एका नावामागे १ हजार ते १ लाख डॉलरपर्यंत नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

तुम्ही ती दोन नावं वापरू नका, कोणाला विकायला काढू नका, मुदत संपली की सोडून द्या. आधीच नोटीस आली असेल तर मात्र स्वतः उत्तर न लिहिता वकिलाकडे जा. 'हापूस', 'सोलर', 'ट्रेकिंग' अशा सगळ्यांच्या शब्दांवर पहिला आला त्याला मिळालं हे खुशाल चालतं, तिथे डोकं लावा. दुसऱ्याने घाम गाळून मोठं केलेलं नाव आपलं नसतं आणि हे मी कायद्याच्या भीतीने लिहीत नाहीये, मला ते मनापासून पटतं.

प्रश्न: गुहागरजवळ आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, वय ५८. अकरा वर्षं साइट होती, ती बनवून देणाऱ्या मुलाने नाव त्याच्याच नावावर घेतलं होतं, त्याने फोन उचलणं बंद केलं आणि नाव संपलं. आता तिथे भलत्याच जाहिराती दिसतात आणि खाली नाव विकणे आहे, २५०० डॉलर असं लिहिलंय. आमचं नाव आम्हाला परत मिळेल का?

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून जीव हळहळला. आणि असे तुम्ही एकटे नाही, कोकणात आणि सगळीकडेच गावोगाव हे झालंय.

डोमेन आपण विकत घेतलं असं म्हणतो पण ते एमआयडीसीच्या प्लॉटसारखं असतं, मालकी नाही, मुदतीचा करार, आणि डॉट कॉमची मुदत एका वेळी फार तर दहा वर्षं. संपल्यावर रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत नाव धरून ठेवू शकतो, त्यात नेहमीच्या फीमध्ये सुटतं, पण बरेच रजिस्ट्रार याच काळात ते लिलावाला पण लावतात. पुढे ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात दंड भरून सुटतं. एकदा माझं कार्ड एक्स्पायर झालं होतं आणि सूचनेचे मेल जुन्या ऑफिसच्या आयडीवर जात राहिले, मला पन्नासाव्या दिवशी कळलं आणि मूळ फीच्या कितीतरी पट भरून नाव सोडवलं, त्या रात्री झोप नव्हती. त्यानंतर ५ दिवस नाव नुसतं अडकून पडतं, कोणालाच काही करता येत नाही, आणि मग सुटतं. सुटलं की ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स असल्या कंपन्यांचे प्रोग्रॅम ते क्षणात उचलतात. तुमच्या साइटला अकरा वर्षांत बाहेरून लिंक आल्या होत्या, लोक अजून ते नाव टाइप करतात, म्हणून ते उचललं गेलं.

आता करायचं काय. सगळ्यात आधी, आजच, एक काम करा. त्या नावावर तुमचा ईमेल होता का? असेल तर तो आता नव्या मालकाला वाचता येऊ शकतो. बँक, बुकिंगच्या साइट, गूगलचं खातं, जिथे जिथे तो ईमेल दिलाय तिथे तो बदला. नावापेक्षा हे मोठं आहे. मग गूगल मॅपवरच्या तुमच्या पत्त्यातली साइटची लिंक काढा, नाहीतर पाहुणे त्या जाहिरातींवर जातील.

नाव परत घ्यायचं तर २५०० हा बोलायचा आकडा आहे, घ्यायचा नाही. मुलीच्या किंवा भाच्याच्या साध्या ईमेलवरून विचारा, होम-स्टेचं नाव काढू नका, दोनशे डॉलरपासून सुरू करा आणि उत्तर नाही आलं तर महिनाभर गप्प बसा. त्यालाही दर वर्षी रिन्यूअल भरावंच लागतं, सांगलीच्या मुलाचा हिशोब त्यालाही लागू आहे आणि तुमच्याशिवाय त्या नावाला दुसरं गिऱ्हाईक नाही. दरम्यान तेच नाव डॉट इनमध्ये मोकळं आहे का बघा, असेल तर घेऊन टाका, तुमच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर, आणि मिळतील तेवढ्या जास्त वर्षांसाठी. डॉट इनला केवायसी लागतं त्यामुळे आधार-पॅनचं नाव जुळवून भरा.

मला एवढं सांगायचंय की सुटलेली नावं घेणं हा या धंद्याचा मोठा भाग आहे आणि मीसुद्धा घेते, पण घेण्याआधी वेबॅक मशीनवर जुनी साइट काढून बघते. एखाद्या चालू माणसाचं घर असेल तर मी हात लावत नाही.

प्रश्न: माझं एक नाव ४००० डॉलरला घ्यायला तयार असल्याचा मेल आलाय, फक्त आधी एका ठरावीक साइटवरून व्हॅल्युएशन सर्टिफिकेट आणा म्हणतोय, ७५ डॉलर लागतील. भरू का? (ठाणे)

उत्तर: नाही. ही जुनी फसवणूक आहे, ती साइट पण त्याचीच असते, ७५ भरले की गिऱ्हाईक गायब. खऱ्या गिऱ्हाइकाला सर्टिफिकेट नको असतं. याच जातीचा दुसरा मेल येतो की कोणीतरी तुमचं नाव चीनच्या किंवा आशियाच्या एक्स्टेन्शनमध्ये (डॉट कॉम, डॉट इनसारखा नावाचा शेवटचा भाग) नोंदवतोय, लगेच आमच्याकडून बुक करा, तोही डिलीट करा.

प्रश्न: मी लातूरला मराठी शिकवते. देवनागरीत डॉट भारत मिळतं असं ऐकलं. चांगले मराठी शब्द आत्ता घेऊन ठेवले तर पुढे किंमत येईल का?

उत्तर: मॅडम, या प्रश्नाची मी वाटच बघत होते. देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मराठी, कोंकणी, हिंदी धरून आठ भाषांसाठी. शाळेसाठी, मंडळासाठी, स्वतःच्या लिखाणासाठी जरूर घ्या, पाटीवर आपल्या लिपीतलं नाव बघून खरंच छान वाटतं. पण विकायला म्हणून मी आज घेणार नाही. लोक पत्ता टाइप करताना कीबोर्ड मराठी करत नाहीत, आणि मागे संगणक ते नाव एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या विचित्र अक्षरांत साठवतो, कॉपी करून दुसरीकडे टाकलं की कधी कधी तेच दिसतं आणि लोक घाबरतात. ईमेलला पण सगळीकडे साथ मिळत नाही.

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, डॉट कॉम किंवा डॉट इनमध्ये, इथे मात्र तुमच्यासारख्या माणसाला वाव आहे, कारण अमेरिकेत बसलेला डोमेनवाला हे शब्द ओळखतच नाही. अडचण स्पेलिंगची. वाडा व्हीने की डब्ल्यूने? कृषी आपण आर-यूने लिहितो, हिंदीवाले आर-आयने. ज्ञान तर आपण डी-एन-वायने लिहितो, हिंदीवाले जी-वायने आणि संस्कृतवाले जे-एनने, एका शब्दाचे तीन रस्ते. असा शब्द घेणारा निम्मी माणसं शेजाऱ्याच्या दारात पाठवतो, म्हणून एकतर दोन्ही स्पेलिंग घ्या आणि जोडीनेच विका, नाहीतर नाटक, तबला असे शब्द शोधा जे मराठी माणूस डोळे मिटून एकाच पद्धतीने लिहितो. तुम्ही वर्गात मुलांना वीस शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगा, सगळ्यांची स्पेलिंग जुळली ते शब्द वेगळे काढा. याहून चांगली पाहणी कुठली कंपनी करून देणार नाही.

प्रश्न: न्यू जर्सीत आयटीत आहे. डॉट एआयमध्ये आत्ता शिरावं का?

उत्तर: डॉट एआय म्हणजे अँग्विला या कॅरिबियन बेटाचं एक्स्टेन्शन, चॅटजीपीटीनंतर मागणी इतकी वाढली की २०२३ मध्ये त्या छोट्या बेटाच्या सरकारला यातूनच सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले. खरी मागणी आहे, पण नाव किमान दोन वर्षांचं घ्यावं लागतं आणि दर डॉट कॉमच्या कित्येक पट आहे, म्हणजे वरचा पोसायचा हिशोब तितक्या पटीने. दोन-तीन नावं, चाचणी लावून, एवढंच.

प्रश्न: कोल्हापूर. माझ्या एका नावाला परदेशातलं गिऱ्हाईक आलंय, १८०० डॉलरवर ठरलंय. तो म्हणतो आधी कोड पाठव, मग पैसे. टॅक्सचं पण सांगा.

उत्तर: अभिनंदन! पण कोड अजिबात पाठवू नका. ट्रान्सफरचा ऑथ कोड म्हणजे घराची किल्ली, गेली की पैसे मागत बसाल. एस्क्रोमधून, म्हणजे पैसे धरून ठेवणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत करा, गिऱ्हाईक पैसे आधी तिथे भरतं, तुम्हाला मेल येतो की जमा झाले, मग तुम्ही नाव देता, त्याने मिळालं म्हटलं की पैसे तुमच्याकडे. जमा झाल्याचा मेल आला तरी त्यातल्या लिंकवर क्लिक न करता एस्क्रोच्या साइटवर स्वतः लॉगिन करून बघा, खोटे मेल हुबेहूब बनवतात. नाव गेल्या ६० दिवसांत घेतलेलं असेल तर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सहसा हलवता येत नाही, त्याला तुमच्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला सांगा आणि त्या खात्यात सरकवा, कधी कधी काही मिनिटांत होतं. एस्क्रोची फी कोणी भरायची ते आत्ताच लेखी ठरवून घ्या, बोलणी बहुतेक तिथेच फिसकटतात.

टॅक्सचं असं, की तुम्ही नेहमी घेऊन विकत असाल तर तो धंद्याचा नफा धरला जातो, मग रिन्यूअल, कमिशन, न विकलेल्या नावांचा खर्च हे सगळं वजा दाखवता येतं, म्हणून प्रत्येक नावाची पावती जपा. एखादंच नाव असेल तर मामला वेगळा होऊ शकतो, सीएला एकदा विचारा. आणि डॉलर खात्यात आले की त्याच आठवड्यात बँकेतून परदेशी रकमेचं प्रमाणपत्र मागून घ्या, वर्षभराने मागायला गेलं की हेलपाटे पडतात.